तळाची फट

दलालाच्या गाडीत बसलं की टकटकला पहिल्या दोन मिनिटांतच मळमळायला लागायचं. आरशाला एक सुगंधी चकती लटकलेली, मागच्या सीटवर दुसरी, आणि वर हा गृहस्थ स्वतः अंगावर अख्खी बाटली उपडी करून यायचा. घरं विकणाऱ्या माणसाला एवढा वास कशाला लागतो, हे टकटकला केव्हाच कळून चुकलं होतं. तो विकत असलेल्या निम्म्या घरांना स्वतःचा एक वास असतो, आणि गिऱ्हाइकाच्या नाकाला दुसरं काहीतरी काम लावून द्यावं लागतं.

टकटक हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. कुणी घर विकत घ्यायच्या आधी ते तपासायचं आणि अहवाल लिहून द्यायचा, हा त्याचा पेशा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंतींवर टकटक करत तो घराभोवती फिरायचा आणि गिलावा कुठे खणखणीत आहे, कुठे बद्द वाजतो ते ऐकायचा. दहा वर्षं हेच चाललंय म्हटल्यावर बायकोसुद्धा फोनवर "टकटक आंघोळीला गेलेत" असं सांगायला लागली, तेव्हा त्यानं खऱ्या नावाचा नाद सोडला.

"साहेब, आजचं घर म्हणजे एकदम फर्स्टक्लास," दलाल म्हणाला. "म्हातारा-म्हातारी दोघंच. घर आरशासारखं ठेवलंय. घेणारी मुलगी सात महिन्यांची गरोदर आहे, तिला बाळंतपणाच्या आत राहायला यायचंय. तुम्ही आपलं ते नेहमीचं लिहा. केसासारखे किरकोळ तडे, नियमित देखभाल."

"न बघताच?"

"बघा की! बघू नका असं कोण म्हणतंय? बघा आणि मग लिहा."

या वाक्याचा टकटकला मनापासून तिटकारा होता. कंपनीनं अहवाल लिहायला जो टॅब्लेट दिला होता, त्यात अशी वाक्यं तयारच असायची. बोट टेकवलं की वाक्य पानावर. भिंत कोसळायला आलेली असो की कालच बांधलेली असो, वाक्य तेच, गुळमुळीत, कुणाच्याही अंगाला न लागणारं. असल्या वाक्यांवर आपलं घर चालतं, या विचारानं त्याला कधीकधी जेवण जायचं नाही. आणि तरी दिवसाला चार-पाच वेळा ते बोट टेकवलं जायचंच.

वस्तीतली सगळी घरं एकाच साच्यातली होती. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाणी अडवणारा कागद, कागदावर जाळी आणि जाळीवर बोटभर जाडीचा गिलावा. वरून मलईसारखा रंग, दर्शनी भागात खोट्या दगडाच्या चकत्या चिकटवलेल्या. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून तपकिरी ओघळ उतरले होते. कुणीतरी त्यांवर नुसताच रंग मारला होता आणि ओघळ रंगातून पुन्हा वर आले होते. शी! रोज तोंड धुतात, पण मान धूत नाहीत, असली ही घरं. टकटकनं नाक मुरडलं आणि तो गाडीतून उतरला.

दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या एका ठेंगण्या बाईंनी. गळ्यात मोजपट्टी, पदराला दोन टाचण्या खोचलेल्या. त्यांनी टकटककडे बघितलं आणि चेहरा उजळलाच.

"अगं बाई, तुम्ही! टकटक ना? ओळखलंत की नाही मला?"

आता दहा वर्षांत अडीच हजार घरं बघितलेला माणूस ओळखणार तरी कुणाकुणाला? "ओळखलं की काकू," तो सरळ खोटं बोलला.

"सात वर्षांपूर्वी हे घर आम्ही घेतलं ते तुमच्याच अहवालावर. ह्यांना मी म्हटलं, हा माणूस बघा, भिंतीला कान लावून ऐकतोय, डॉक्टरसारखा. आता विकतानासुद्धा तुम्हीच आलात, बरं झालं. परका माणूस काय बाई शोधून काढेल, कुणास ठाऊक."

काकू शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीवर रंगाच्या क्रमानं लावलेली रिळं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: हुक, बटणं, अस्तर. जमिनीवर दोऱ्याचा एक तुकडा सापडेल तर शपथ. टकटकला असली नेटकी माणसं आवडायची, पण आत पाऊल टाकल्याबरोबर त्याच्या नाकानं वेगळंच काहीतरी सांगितलं. गोडसर, ओलसर, बंद डब्यात विसरलेल्या भाजीसारखा वास होता. दलालाच्या अत्तरातूनसुद्धा तो नाकात घुसत होता. काकूंना येत नसावा. रोजचा वास माणसाला येत नाही.

मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. साधा नव्हे, तळापासून खरवडून निघालेला.

"आमचे हे," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. तपासण्या झाल्या, औषधं झाली, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून तर विकतोय हो. लेकीच्या गावाला कोरडी हवा आहे. तिकडे गेलो की बरे होतील, असं म्हणतायत सगळे. हे घर गेलं की लगेच निघायचं."

खोलीत काका पलंगावर टेकून बसले होते. अंगानं वाळून गेलेले, पण डोळे मिश्कील. "या टकटक," ते म्हणाले. "भिंत झाली की जरा माझ्या छातीवरही वाजवून बघा." पलंगाची डोक्याकडची बाजू मागच्या भिंतीला लागून होती. टकटकनं हसल्यासारखं केलं आणि तो ती भिंत बाहेरून बघायला मागच्या अंगणात गेला. दलाल फोन कानाला लावून मागोमाग आला.

पहिल्याच ठोक्याला भिंत बद्द वाजली. दुसरा ठोका, बद्द. टकटक खाली सरकत गेला आणि आवाज आणखी मेल्यासारखा होत गेला. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया त्यानं गिलाव्यातल्या तड्यात रोवल्या, तर काटा थेट लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन आदळला. नळापाशी गिलाव्याचा एक पोपडा सुटलेला होता. काकूंना हाक मारून त्यानं विचारलं, "काकू, हा निघालेलाच आहे, काढू?" आतून आवाज आला, "काढा की, तुमचं कामच आहे."

त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून पोपडा उचकटला आणि दोन पावलं मागे सरला. आतला कागद काळा पडून लिबलिबीत झाला होता. त्यावरून पांढुरके, आंधळ्यासारखे किडे उजेडाला घाबरून सैरावैरा धावले. कागदामागच्या फळीत त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर टोकाला जो काळा लगदा लागला होता, त्याच्या वासानं टकटकच्या तोंडात आंबट पाणी आलं. दहा वर्षांत त्यानं कुजलेल्या भिंती कमी बघितल्या नव्हत्या, पण ही भिंत नव्हतीच. वरून फक्त गिलावा उभा होता, सवयीनं.

"एवढं पाणी आत राहिलं कसं?" तो स्वतःशीच पुटपुटला आणि गुडघ्यांवर बसून भिंतीचा तळ बघू लागला.

या असल्या भिंतींची एक गोष्ट असते. गिलाव्यामागे थोडं पाणी जातंच. कितीही काळजी घ्या, खिडकीच्या कोपऱ्यातून, तड्यातून, कुठून ना कुठून शिरतंच. ते कागदावरून खाली घरंगळतं आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या बारीक फटीतून बाहेर पडतं. ती फट म्हणजे भिंतीची मोरी. आणि इथे ती फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या सिलिकॉननं बुजवलेली होती. नुसती बुजवलेली नव्हे, एकावर एक असे थर चढवून, कडा बोटानं गुळगुळीत करून, अगदी मशीनवर शिवण मारावी इतकी सरळ रेष काढलेली.

टकटकचं डोकंच फिरलं.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?" तो जोरात ओरडला. "अहो, पाणी जायची वाट बंद केलीय! आणि एकदा नाही, दरसाल! असल्या माणसाला ना, या भिंतीत पाणी भरून आत बसवलं पाहिजे. अक्कल म्हणून काही असते की नाही?"

दलाल फोन बंद करून हळूच म्हणाला, "साहेब, जरा हळू. मालकीणबाई..."

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. हातात प्लास्टिकच्या आवरणातली एक फाईल. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, जरा गोंधळलेल्या दिसत होत्या.

"ते गाढव मीच," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलं होतंत ना? म्हणून तर केलं. हे बघा, जपून ठेवलंय. एकूण एकवीस मुद्दे होते तुमचे, सगळे केले. हा चौदावा."

त्यांनी फाईल उघडून समोर धरली. टकटकचं अक्षर नव्हतं, छापील होतं, पण खाली सही त्याचीच होती, ती गिचमिड सही जगात दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. मुद्दा चौदा: भिंतीच्या तळाशी दिसणाऱ्या सर्व फटी सिलिकॉनने बुजवून घ्याव्यात. दर वर्षी तपासून गरजेप्रमाणे पुन्हा भराव्यात. समासात काकूंनी सात बरोबरच्या खुणा केल्या होत्या, प्रत्येकीखाली तारीख.

"मशीनवरून उठून, गुडघे दुखत असताना करायचे हो," काकू म्हणाल्या. "हे म्हणायचे, राहू दे ह्या वर्षी. मी म्हणायचे, तज्ज्ञ माणसानं लिहिलंय, उगीच लिहिलं असेल का?"



टकटकला सगळं आठवलं. या पेशात येण्याआधी तो विटांच्या बांधकामावर मुकादम होता. विटांच्या भिंतीत फट दिसली की ती चूक. वीस वर्षं त्यानं फटी बुजवून घेतल्या होत्या, फट राहिली तर गवंड्याची मजुरी कापली होती. तेच डोळे घेऊन तो या लाकडी सांगाड्याच्या घरांकडे आला, आणि तळाची फट दिसली रे दिसली की त्यानं बेधडक लिहून टाकलं: बुजवा. वाक्य त्यानं स्वतः तयार केलं, टॅब्लेटमध्ये साठवलं आणि बोट टेकवत सुटला. मग चार वर्षांपूर्वी कंपनीनं एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे फळ्यावर भिंतीचा उभा काप काढून एका माणसानं सांगितलं, ही फट म्हणजे भिंतीचा जीव आहे. टकटकच्या कानांतून वाफा निघाल्या होत्या त्या दिवशी. घरी येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर ते वाक्य टॅब्लेटमधून पुसून टाकलं.

बस्स, तेवढंच. एकालाही फोन केला नाही. लोक कुठे अहवाल वाचतात, असं त्यानं मनाची समजूत घालायला म्हटलं होतं. फाईल कपाटात जाते आणि तिथेच पडून राहते. कुणी थोडंच खरोखर गुडघ्यांवर बसून फटी बुजवत बसणार आहे!

आतून काकांचा खोकला आला. भिंतीच्या अलीकडे तो लिबलिबीत कागद होता आणि पलीकडे, हातभर अंतरावर, त्यांची उशी.

"काकू, जरा पाणी देता प्यायला?" टकटक कसाबसा म्हणाला. त्या आत गेल्या तसा दलाल त्याच्या अगदी जवळ आला, अत्तराच्या लोटासकट.

"साहेब, घाबरू नका. तुमचा काहीच दोष नाही यात. तुमच्या यादीत ते वाक्य आहे ना, 'मालकाकडून झालेली चुकीची दुरुस्ती'? तेवढं टाका. खोटं थोडंच आहे? केली तर तिनंच आहे. घेणारी पोरगी गेली तर गेली, दुसरं गिऱ्हाईक बघू. पण तुम्ही आपलं नाव कशाला मध्ये आणता? उद्या त्या बाईनं ती फाईल वकिलाला दाखवली तर परवाना जाईल तुमचा. ती फाईलसुद्धा... म्हणजे, म्हाताऱ्या माणसांकडून हरवतात हो कागद."

टकटकनं टॅब्लेट उघडला. वाक्य खरंच होतं, यादीत वरून तिसरं. शब्दन् शब्द खरा. मालकानंच बुजवली होती, चुकीचीच होती. त्यानं बोट टेकवलं. वाक्य पानावर येऊन बसलं, स्वच्छ, कोरं, जणू कधीचं तिथेच होतं. आता ही बाई जन्मभर समजणार की नवऱ्याची छाती आपण आपल्या हातानं बिघडवली. भिंत उतरवून नव्यानं बांधायची तीसुद्धा हिनंच, कारण दोष हिचा. आणि आपण पुढच्या घरी जाऊन टकटक करणार.

त्याला खरोखरच ओकारी आली. भिंतीची नव्हे, त्या काळ्या लगद्याची नव्हे, अत्तराचीही नव्हे. स्वतःच्या त्या बोटाची आली.

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यानं पेला घेतला, पण प्यायला नाही.

"काकू, बसा जरा पायरीवर."

"का हो? एवढं काय झालंय?"

"ती फट बुजवायची नव्हती. ती मुद्दाम ठेवलेली असते, आतलं पाणी बाहेर जायला. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. माहीत नसताना मी लिहिलं. नंतर, चार वर्षांपूर्वी कळलं, आणि तरी तुम्हाला सांगायला मी आलो नाही. ही भिंत आतून पूर्ण कुजली आहे, बुरशी धरली आहे, आणि काकांचा पलंग तिलाच टेकलेला आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही फक्त मी सांगितलं ते केलं."

दलालानं कपाळावर हात मारून घेतला.

 काकूंनी फाईल उघडली, त्या सात खुणांवरून एकेक करून बोट फिरवलं आणि ती मिटली. "चार वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा खोकला दोन वर्षांपूर्वीचा."

टकटकला वाटलं, या बाईनं आपल्याला दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणजे निदान काहीतरी होईल. पण त्या उठल्या आणि सरळ आत गेल्या. "आधी पलंग हलवायचा," त्या आतून म्हणाल्या. "या दोघंही."

पलंग जड होता. डोक्याकडची बाजू टकटकनं धरली, पायाकडची दलालाला धरावीच लागली. काका मध्ये बसून म्हणाले, "वा, पालखी!" आणि खोकल्यात बुडाले. पलंग सरकला तशी मागची भिंत दिसली. रंगाच्या खालून काळ्या-हिरव्या ठिपक्यांची बुरशी वर चढली होती, बरोबर उशीच्या उंचीपर्यंत. दलालानं तोंडाला रुमाल लावला, खोलीबाहेर धूम ठोकली आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन तो खरोखरच ओकला. एवढं अत्तर लावून शेवटी काही उपयोग झाला नाही.

काकांना पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी, उघड्या खिडकीपाशी बसवल्यावर टकटकनं पायरीवर बसून अहवाल लिहिला. तयार वाक्यं बाजूला ठेवली, एकेक शब्द स्वतः टाइप केला. मालकाच्या दुरुस्तीचं ते वाक्य पुसलं आणि त्याजागी लिहिलं: तळाची फट बुजवण्याची सूचना सात वर्षांपूर्वी मीच लेखी दिली होती. ती चूक होती. भिंतीचं झालेलं नुकसान त्या सूचनेमुळे झालं आहे. भिंत उतरवल्याशिवाय या घरात कुणी, विशेषतः लहान बाळानं, राहू नये. खाली त्यानं पूर्ण नाव लिहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गिचमिड न करता. एक प्रत घेणाऱ्या मुलीला गेली, एक कंपनीला आणि एक काकूंना.

"संपलात तुम्ही," दलाल रुमालातून म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापड कापायचा मोठा कटर होता. तो त्यांनी टकटकपुढे धरला.

"उसवा," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मी शिवलंय. तुम्ही सांगितलंत, आता तुम्हीच उसवा."

तो गुडघ्यांवर बसला. सिलिकॉन चिवट होतं, काकूंनी काम चोख केलं होतं. वीतभर कापल्यावर पहिला थेंब आला, मग चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी, मग किड्यांसकट ओघळ. तो त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, बाहीत गेला. वास असा, की श्वास तोंडानं घ्यावा तर जिभेला चव लागावी. त्यानं हात काढला नाही. कापत राहिला. पाणी येतच राहिलं, अंगणातून वाट काढत गटाराकडे निघालं.

काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. अर्धी भिंत झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा चौदावा मुद्दा फक्त आम्हालाच दिला होतात?"

टकटकचा हात थांबला. "नाही."

"किती जणांना?"

"दोनशेच्या आसपास असतील."

"त्यांत माझ्यासारखी असतील ना काही? सांगितलेलं सगळं करणारी?"

"असतील काकू."

"त्यांचे नंबर आहेत?"

"टॅब्लेटमध्ये सगळे आहेत."

काकूंनी पदर खोचला, गुडघ्याला हात लावून कण्हत त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या हातातून कटर काढून घेतला. "सरका," त्या म्हणाल्या. "उरलेलं मी उसवते. तुम्ही फोन लावा."

त्यानं काळे हात पँटला पुसले. टॅब्लेट उघडून सगळ्यांत जुना अहवाल काढला आणि नंबर लावला. चौथ्या घंटेला एका बाईनं उचलला. मागे कुठेतरी लहान मूल खोकत होतं.

"मी टकटक बोलतोय," तो म्हणाला. "तुमच्या घराच्या भिंतीत मी पाणी कोंडून ठेवलंय."